हंटिंग्टनचा संघ आणि आपल्या पेठांतल्या तालमी

कोल्हापूरच्या आमच्या मित्रमंडळींत सध्या एक मागणी जोरात आहे. विद्यापीठांनी अमेरिकेसारखा खेळावर पैसा ओतावा, मोठी स्टेडियम बांधावीत, खेळाडूंना शिष्यवृत्त्या द्याव्यात, मग पदकं कशी येत नाहीत ते बघू. समोरची बाजूही तितकीच तापलेली आहे: शिकवायला प्राध्यापक नाहीत, तासिका तत्त्वावर कॉलेजं चाललीत आणि तुम्हाला स्टेडियम सुचतंय! मी वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनमध्ये राहतो. इथल्या मार्शल विद्यापीठाचा फुटबॉल संघ वगळून या गावाचा इतिहास सांगताच येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंशी थोडं बोलायचं आहे.

ओहायो नदीच्या काठी रेल्वेमुळे वसलेलं हे गाव. १९५० साली वस्ती ८६ हजारांच्या वर होती, २०२० च्या जनगणनेत ती ४७ हजारांच्या खाली आली. मार्शल १८३७ मध्ये शाळा म्हणून सुरू झालं आणि १९६१ साली विद्यापीठ झालं. त्याचा अमेरिकन फुटबॉलचा संघ तेव्हा नावाजलेला वगैरे अजिबात नव्हता. १९६६ च्या अखेरीपासून १९६९ च्या मध्यापर्यंत सलग २७ सामन्यांत त्यांना एकही विजय मिळाला नाही. खेळाडूंच्या भरतीतल्या गैरप्रकारांमुळे १९६९ साली त्यांच्या साखळी गटानं त्यांना बाहेर काढलं.

१४ नोव्हेंबर १९७० रोजी नॉर्थ कॅरोलिनातला सामना १७-१४ असा हरून संघ विमानानं परतत होता. धावपट्टी अगदी जवळ असताना पावसा-धुक्यात विमान टेकडीवरच्या झाडांना धडकलं. ७५ जण गेले. त्यात ३७ खेळाडू होते, प्रशिक्षक आणि संघाचे कर्मचारी होते, आणि गावातली २५ माणसं होती. ही २५ माणसं संघाची पाठीराखी होती. डॉक्टर, व्यापारी, लोकप्रतिनिधी, काहींच्या बायकाही. कित्येक मुलांचे आई-वडील एकाच रात्री गेले. सहा खेळाडूंची ओळखसुद्धा पटली नाही. त्यांना स्प्रिंग हिल दफनभूमीत शेजारी शेजारी पुरलं आहे.

फुटबॉल बंद करावं असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटत होतं, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. तरी संघ पुन्हा उभा करायचं ठरलं. जॅक लेंगल नावाचे नवे प्रशिक्षक आले. नव्या खेळाडूंच्या शोधात मोटारीनं गेल्यामुळे वाचलेले सहायक प्रशिक्षक रेड डॉसन आणखी एक हंगाम त्यांच्यासोबत थांबले. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायची तेव्हा मुभा नव्हती, मार्शलला ती खास मिळाली. दुसऱ्या खेळांतली मुलंही घेतली. २५ सप्टेंबर १९७१ रोजी घरच्या मैदानावर, सामन्याच्या अगदी शेवटच्या चालीवर, या पोरांनी झेव्हियर विद्यापीठाला १५-१३ असं हरवलं. तो दिवस पाहिलेले लोक इथे अजून भेटतात आणि ती चाल हातवारे करून दाखवतात.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. संपूर्ण सत्तरच्या दशकात मार्शलनं मिळून २३ सामने जिंकले. जिंकलेल्या सामन्यांची संख्या हरलेल्यांपेक्षा जास्त, असा हंगाम यायला १९८४ साल उजाडलं. म्हणजे अपघातानंतर गाव तेरा वर्षं हरणाऱ्या संघाच्या मागे उभं राहिलं. १९९२ आणि १९९६ ची राष्ट्रीय विजेतेपदं (दुसऱ्या फळीतली, पण राष्ट्रीय), पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजलेला रँडी मॉससारखा खेळाडू, २०२२ मध्ये बलाढ्य नोत्र दाम विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर २६-२१ असं हरवणं, हे सगळं त्या तेरा वर्षांनंतरचं आहे. पदकांसाठी पैसा मागणाऱ्या माझ्या मित्रांनी आधी ती तेरा वर्षं वाचावीत.

विद्यापीठाच्या आवारात हॅरी बर्टोया या शिल्पकारानं घडवलेलं कारंजं आहे. दर १४ नोव्हेंबरला तिथे सगळे जमतात. आजचे खेळाडू जर्सी घालून उभे असतात, ज्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी हे सगळं घडलं. गेलेल्यांची नावं वाचली जातात, मग कारंज्याचं पाणी बंद होतं ते थेट वसंत ऋतूपर्यंत. व्हीलचेअरमधल्या म्हाताऱ्या बाईच्या खांद्यावर एक धिप्पाड पोरगा आपलं जॅकेट घालत होता, हे मी तिथे पाहिलंय. दोघं एकमेकांचे कोणी नव्हते.

आता पैशाचं. २०२१ पासून इथल्या विद्यार्थी-खेळाडूंना जाहिरातीतून कमावता येतं, २०२५ पासून विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देऊ शकतात, आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणंही सोपं झालंय. त्याचा परिणाम मार्शलनं डिसेंबर २०२४ मध्ये भोगला. संघ साखळीचा विजेता ठरला, लगेच प्रशिक्षक दुसऱ्या विद्यापीठाकडे गेले, पाठोपाठ खेळाडूंची रीघ लागली आणि हंगामाच्या शेवटी होणाऱ्या मानाच्या ‘बाउल’ सामन्यातून माघार घ्यावी लागली. विजेत्या संघाकडे मैदानात उतरवायला पुरेशी माणसं नव्हती! त्यात अशा मध्यम विद्यापीठांत क्रीडा विभागाचा खर्च तिकिटांतून भागत नाही. विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि विद्यापीठाच्या तिजोरीतून भर घालावी लागते. ‘अमेरिकेसारखं’ मागताना हेही पदरात पडणार आहे.

पण खेळ म्हणजे उधळपट्टी, हेही मी मानत नाही. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी १९५२ मध्ये आपलं घर गहाण ठेवून खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला सात हजार रुपये उभे केले. एका प्राचार्याला आपला विद्यार्थी इतका आपला वाटला होता. आज विद्यापीठाचा संघ बहुतेक ठिकाणी स्पर्धेपुरता निवडला जातो, थोड्या दिवसांचं शिबिर होतं, स्पर्धा संपली की संघ संपला. पोरं प्रमाणपत्र घेऊन जातात, कारण शाळेत दहावी-बारावीचे सवलतीचे गुण असोत की पुढे नोकरीतलं पाच टक्के आरक्षण, सगळं अशाच कागदावर अडलेलं असतं. पोरांना दोष देऊन काय उपयोग?

आणि तीच पोरं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार किंवा बालगोपाल या कोल्हापुरातल्या तालमींच्या फुटबॉल संघांकडून उतरली की तिथलं शाहू स्टेडियम गच्च भरतं. हंटिंग्टननं अर्ध्या शतकात जे कमावलं, ते आपल्या पेठांनी विद्यापीठाच्या मदतीशिवाय केव्हाच करून ठेवलंय. तिथल्या हुल्लडबाजीची मला लाज वाटते, पण ती माया खोटी नाही. बाहेरचे खेळाडू आणण्यावरून आपल्याकडे वाद होतात तेव्हा मला मार्शलचा सॉकरचा, म्हणजे आपण खेळतो त्या फुटबॉलचा, संघ आठवतो. मे २०२१ मध्ये इंडियाना विद्यापीठाला १-० असं हरवून तो राष्ट्रीय विजेता झाला. संघात परदेशी मुलं भरपूर, आणि गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. ती मुलं इथल्याच वर्गात बसत होती, इथल्याच दुकानांत भेटत होती. हंगामापुरतं येऊन मानधन घेऊन जाणाऱ्याचं तसं होत नाही.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. विद्यापीठानं फुटबॉलसाठी वर्षभराचा, पगारी, कायम प्रशिक्षक नेमावा. तालमींच्या खेळाडूंना शिकायला प्रवेश आणि वसतिगृह द्यावं, परीक्षा आणि सामने यांच्या तारखा के.एस.ए. (कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन) बरोबर बसून ठरवाव्यात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची अंतिम फेरी रिकाम्या मैदानावर उरकण्याऐवजी शाहू स्टेडियमवर, संध्याकाळी, पेठांना आवतण देऊन खेळवावी. एका नव्या स्टेडियमच्या नुसत्या आराखड्याला जेवढा खर्च येईल, तेवढ्यात यातलं बरंच काही होऊन जाईल.