धर्मशाळेतील शेजार
नुकत्याच वाचलेल्या एका लेखात कर्करुग्णाला मिळणाऱ्या कुटुंबाच्या आधारावर भर दिला आहे, तो योग्यच आहे. परंतु १९४१ पासून परळला सुरू असलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचारांसाठी दूरदूरहून येणारी जी माणसे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात, त्यांच्यात जुळणाऱ्या मैत्रीचाही उल्लेख हवा होता. घरच्यांसमोर उसना हसरा चेहरा ठेवावा लागतो, तो तिथे ठेवावा लागत नाही. केमोथेरपीनंतर तोंड आले की तिखट सोसत नाही, तेव्हा मऊ दहीभात खावा, केस गळण्याआधीच ते बारीक कापून घ्यावेत, हे शेजारच्या खाटेवरची बाई जितक्या सहजपणे सांगते, तितक्या सहजपणे घरचे सांगू शकत नाहीत. (रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना दही खावे की नाही, हे मात्र डॉक्टरांनाच विचारावे.)