‘दात नाहीत’ एवढीच नोंद

वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात नवीन माणूस दाखल झाला की फायलीत रक्तदाब असतो, साखर असते, वजन तर शंभर ग्रॅमपर्यंत असतं. तोंडाच्या रकान्यात मात्र दोनच शब्द: ‘दात नाहीत’. किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘वयोमानानुसार’.

या दोन शब्दांत चार निरनिराळी तोंडं मावतात. एकाला खरोखरच एकही दात नाही. दुसऱ्याचे दात वरून झडलेत, पण मुळं हिरडीत तशीच आहेत. तिसऱ्याला कवळी आहे, ती त्या दिवशी डबीत होती. चौथ्याने तोंडच उघडलं नाही आणि पाहणाऱ्याने अंदाजाने लिहून टाकलं. चौघांची पुढची काळजी वेगळी, आणि नोंद एकच. दात जाणं ही घटना आहे, तिला तारीख असते. ती तारीख लिहायची सोय नसलेला फॉर्म माझ्या मते कामाचा नाही.

सगळ्यात जास्त फसवतात ती मुळं. हिरडीच्या पातळीला झिजलेलं, तपकिरी पडलेलं मूळ अन्नाच्या थराखाली दिसतच नाही. म्हणून पाहण्याआधी मऊ ब्रशने तोंड साफ करायचं, मग ओल्या गॉजने हिरडी पुसायची आणि हातमोजा घातलेलं बोट हिरडीवरून फिरवायचं. कडक, खरखरीत लागलं तर ते बहुधा मूळ किंवा हाडाचं टोक. नक्की काय ते दंतवैद्य एक्स-रे काढून सांगेल, आपण जागा लिहायची. मूळ आहे म्हणजे कीड, पू आणि सूज या तिन्हींना वाव आहे. अशा माणसाला ‘दात नाहीत’ लिहिलं की दात घासायच्या यादीतून त्याचं नाव गळतं.

सामान फार लागत नाही: डोक्याला लावायचा दिवा (टॉर्चमुळे एक हात अडकतो), तोंडात घालायचे दोन आरसे, गॉज, हातमोजे, दोन मऊ ब्रश, नाव लिहिलेली कवळीची डबी. माणसं दोन, एक बघून बोलणार, दुसरा लिहिणार. एकट्याने बघून नंतर आठवून लिहिलेला चार्ट, म्हणजे कुठल्या जागी काय आहे याचा तक्ता, निम्मा खोटा असतो.

आधी विचारायचं. “आजी, कवळी काढून बघू का? लगेच परत देते.” कवळी न काढता केलेली तपासणी ही कवळीचीच तपासणी. वरची पूर्ण कवळी टाळूला धरून बसलेली असते, समोरून ओढून निघत नाही. बोट गालाच्या बाजूने मागच्या कडेपर्यंत न्यायचं आणि हलकेच खाली दाबायचं. हवा शिरली की ती सुटते.

मग क्रम ठरलेला. माणसाच्या उजव्या बाजूची वरची अक्कलदाढ, तिथून पुढच्या दातांवरून वर डावीकडे, मग खाली डावीकडून खाली उजवीकडे. दोन आकडी पद्धतीत वर उजवे ११ ते १८, वर डावे २१ ते २८, खाली डावे ३१ ते ३८, खाली उजवे ४१ ते ४८. उजवं-डावं माणसाचं, बघणाऱ्याचं नव्हे. ही चूक रोज होते. दुसरी चूक आकड्यांच्या पद्धतीची. १ ते ३२ अशी सरळ मोजणीही वापरात आहे. तिच्यात १८ म्हणजे खालची डावी दुसरी दाढ, तर दोन आकडी पद्धतीत १८ म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ. त्यामुळे कुठली पद्धत ते चार्टच्या डोक्यावर छापलेलंच हवं.

प्रत्येक जागेपुढे एकच खूण: दात आहे, दिसत नाही, फक्त मूळ, हलतो, कृत्रिम. ‘गेला’ न लिहिता ‘दिसत नाही’ लिहायचं, कारण अक्कलदाढ कधी आलीच नसेल. ब्रिजचा, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला, मधला कृत्रिम दात हिरडीला टेकलेला असतो, त्याला खाली मूळ नसतं, तो खऱ्या दातांत मोजायचा नाही. इम्प्लांटचंही, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताचंही, तेच. आणि शेजारची दाढ बरीच वर्षं नसेल तर मागची पुढे कलते, मग ३७ ही ३६ वाटते. खात्री नसेल तर ‘३६ किंवा ३७’ लिहा, त्यात कमीपणा नाही.

आता दात किती, हा प्रश्न. जपानने १९८९ मध्ये ‘८०-२०’ मोहीम सुरू केली: वयाच्या ८० व्या वर्षी २० दात शिल्लक. आकडा लक्षात राहायला छान आहे. जेवणाच्या टेबलावर मात्र मी जोड्या मोजेन. वरचे पुढचे सहा दात शाबूत आणि खाली काहीच नाही, तर दात सहा, पण चावायला जोडी शून्य. म्हणून चार्टखाली एक ओळ हवी: समोरासमोर टेकणाऱ्या दाढा-उपदाढांच्या जोड्या उजवीकडे किती, डावीकडे किती, कवळी घालून किती, न घालता किती. आहार ठरवणाऱ्याला नेमकी ही ओळ लागते.

गुण देऊन तोंड तपासायचं ओहॅट हे साधन बऱ्याच ठिकाणी वापरतात. ओठ, जीभ, हिरड्या, लाळ, दात, कवळी, स्वच्छता, वेदना अशा आठ बाबी, प्रत्येकीला ० (ठीक) ते २ (वाईट). कुणाला दंतवैद्याकडे पाठवायचं हे चटकन कळायला ते चांगलं आहे. पण त्यात चार किंवा जास्त किडके-तुटके दात असले तरी २, आणि एकूण दातच चारपेक्षा कमी असले तरी २. कुठला दात गेला हे त्यातून कळणार नाही. ओहॅट भरलं म्हणून चार्ट टाळू नका.

आणि चार्ट खरा कामाला येतो तो एखाद्या सकाळी दात कमी दिसला तेव्हा. पहिला प्रश्न ‘कसा पडला’ हा नाही, ‘दात कुठे आहे’ हा आहे. तोंडात, उशीखाली, चादरीत, ताटात, रुमालात शोधायचा. सापडला नाही तर तो गिळला गेला किंवा श्वासनलिकेत गेला असं धरूनच डॉक्टरांना कळवायचं. खोकला, घरघर, धाप असेल तर तातडीने. खोकला नाही म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. गिळताना त्रास असलेल्या माणसात ठसका मुळीच येत नाही असंही होतं. दात एक्स-रेत दिसतो, पण कवळीचा अ‍ॅक्रिलिक तुकडा बहुधा दिसत नाही. तेव्हा काय हरवलंय हे चिठ्ठीत स्पष्ट हवं.

मग दात होता त्या खोबणीकडे बघायचं. ताजं रक्त, गडद गुठळी की मिटलेली हिरडी? हिरडी वरून मिटायला साधारण महिना लागतो. पूर्ण मिटलेली असेल तर दात काल पडलेला नाही, मधल्या तपासण्या कुणीतरी ‘जैसे थे’ लिहून उरकल्यात. रक्त येत असेल तर ओल्या गॉजची घडी खोबणीवर २० मिनिटं न उचलता दाबून धरायची. सारखं उचलून बघितलं की गुठळी निघते. गॉज चावून धरायला सांगितलं तर कळणार नाही अशा माणसाजवळ तेवढा वेळ कुणीतरी थांबायलाच हवं. रक्त पातळ करणारी औषधं आणि हाडं बळकट करणारी औषधं, दोन्हींची नावं नोंदीत हवीत. दुसऱ्या प्रकारची औषधं घेणाऱ्यांच्या खोबणीत उघडं हाड दिसत राहिलं तर दंतवैद्याकडे पाठवायचं, ‘भरेल हळूहळू’ म्हणायचं नाही. ओठ फुटला असेल, हनुवटीवर काळंनिळं असेल तर पडणं किंवा हाताळणी यांची वेगळी चौकशी. जखमेचं माप आणि रंग त्याच दिवशी लिहायचा.

कवळीबद्दल थोडक्यात: वरची की खालची, पूर्ण की अर्धी, तारा किती, नाव घातलंय का, सैल आहे का. नाव घालायचं ते बाहेरच्या गुळगुळीत बाजूला, मागे. हिरडीवर बसणाऱ्या बाजूला कधीच नाही. हरवलेल्या कवळ्या धुण्याच्या चादरींत आणि ताटावरच्या चुरगळलेल्या कागदी रुमालांत सापडतात, त्यामुळे कचरा बाहेर जाण्याआधी शोधा.

तोंड उघडू न देणाऱ्यांशी झटापट नको. बोट दातांच्या मध्ये घालायचं नाही, गालाच्या आतून फिरवायचं. दुसऱ्या वेळी, दुसऱ्या ओळखीच्या माणसाने प्रयत्न करायचा. तरी नाहीच जमलं तर ‘तपासता आलं नाही’ आणि पुन्हा कधी बघणार ती तारीख. रकाना रिकामा सोडला तर पुढचा वाचणारा ‘सगळं ठीक’ असं समजतो.

चांगली नोंद एवढीच असते: ‘२४ दिसत नाही, मागच्या महिन्यात होता, तेव्हा हलत होता. सकाळी ७ वाजता ब्रश करताना लक्षात आलं. खोबणीत गडद गुठळी, रक्त थांबलेलं. दात उशीखाली सापडला, मुळासकट पूर्ण. खोकला नाही. डॉक्टरांना ७.२० ला कळवलं. डावीकडे चावायची जोडी आता एकही नाही, दुपारपासून मऊ जेवण.’