"जरा नीट बोलायला शिकवा" म्हणणाऱ्या मालकांसाठी

ग्राहक खूश का होतो आणि का भडकतो, असा विषय निघाला की सेवा व्यवसायातले बहुतेक मालक एकच मागणी करतात: "आमच्या माणसांना जरा नीट बोलायला शिकवा." हेल्पडेस्कवर आणि कॉल सेंटरमध्ये बसणाऱ्यांना शिकवणं हेच माझं काम आहे, त्यामुळे हे वाक्य मी कायम ऐकते. आणि इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय, की बोलण्यात फारसा दोष नसतो. समोर बसलेल्या माणसाच्या हातात काहीच दिलेलं नसतं, खरं दुखणं तिथे आहे.

मध्यंतरी माझा लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता. शुक्रवारी मिळेल म्हणाले, म्हणून शुक्रवारी गेले. काउंटरवरच्या मुलीने हसून स्वागत केलं, बसायला खुर्ची दिली, जॉब नंबर विचारला. नंबर टाकला आणि तिचा चेहरा उतरला. "मॅडम, पार्ट अजून आलेला नाही." मी विचारलं, हे कधी कळलं? तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. पार्ट पुढच्या आठवड्यात येणार, अशी नोंद बुधवारीच पडलेली होती. "मग एक फोन करायचा ना!" त्यावर ती अगदी हळू म्हणाली, "इथून बाहेर फोन लावायची परवानगी नाही, मॅडम. मेसेज हेड ऑफिसवरून जातात." तसा मेसेज मला आलाच नव्हता. संध्याकाळी एक मेसेज मात्र आला, त्या मुलीच्या नावासह: त्यांचं वागणं कसं वाटलं, 1 ते 5 पैकी गुण द्या.

मी 5 दिले. तिचं वागणं उत्तमच होतं. पण बुधवारची बातमी मला शुक्रवारपर्यंत का कळली नाही, हे विचारणारा एकही प्रश्न त्या फॉर्मात नव्हता. म्हणजे जिथे बिघडलं ते मोजलंच गेलं नाही, आणि जिने काही बिघडवलं नाही तिचेच गुण पणाला लागले. मला राग आला तो याचा.

यातलं काही नवीन नाही. परशुरामन, झाइथमल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी 1985 मध्ये मांडलं, की ग्राहकाला जी उणीव जाणवते ती आधी कंपनीच्या आतच तयार झालेली असते: ग्राहकाला काय हवंय हे वरच्यांना कळत नाही, कळलं तरी तसे नियम होत नाहीत, नियम केले तरी ते पाळता येतील अशी सोय नसते, आणि जाहिरात भलतंच काही कबूल करून बसते. 1988 मध्ये त्यांनी सेवेचा दर्जा मोजायला 22 विधानांची प्रश्नावली तयार केली. पुढे त्यांनी ग्राहकांना 100 गुण वेगवेगळ्या बाबींमध्ये वाटायला सांगितले. सर्वांत जास्त गुण पडले ते विश्वासार्हतेला, म्हणजे जे कबूल केलं ते चोख आणि वेळेवर करण्याला. सर्वांत कमी मिळाले ते जागेची सजावट, गणवेश, माहितीपत्रकं यांना. आपल्याकडे येणारा माणूस शब्द पाळण्याची किंमत करतो, आणि आपण रंगरंगोटीवर खर्च करत बसतो.

थांबण्याचंही तसंच आहे. डेव्हिड माइस्टर यांनी 1985 मध्ये रांगेत उभ्या माणसाच्या मनाचा विचार केला आणि सांगितलं की किती वेळ लागेल हे माहीत नसेल, कारण कळलं नसेल, आपल्यामागून आलेला आधी गेला असेल, तर तेवढाच वेळ कितीतरी लांब वाटतो. "अजून साधारण वीस मिनिटं लागतील, आत एक काम अडकलंय" एवढं सांगायला काही खर्च येत नाही. पण ते सांगण्यासाठी आत काय चाललंय हे काउंटरवरच्या माणसाला कळायला हवं, आणि सांगायची मुभा हवी. फिरून पुन्हा गाडी अधिकारावरच येते.

आणि हो, माणसं कमी ठेवून "वेगाने काम करा" म्हणणाऱ्यांनी थोडं गणित बघावं. रांगांचं शास्त्र 1909 पासूनचं आहे, एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने टेलिफोन एक्स्चेंजसाठी ते सुरू केलं. एकच खिडकी आहे, लोक केव्हाही येतात, प्रत्येकाच्या कामाला कमी-जास्त वेळ लागतो, असं धरा. खिडकीवरचा माणूस 80 टक्के वेळ कामात असेल, तर रांगेत सरासरी एका कामाच्या 4 पट वेळ जातो. 90 टक्के झाले की 9 पट. 95 टक्के झाले की 19 पट. म्हणजे पाच मिनिटांचं काम असेल तर थांबणं वीस मिनिटांवरून पंचेचाळीसवर आणि तिथून पंचाण्णववर जातं. पगारपत्रकावर एक माणूस वाचलेला दिसतो. पंचाण्णव मिनिटं थांबलेल्या माणसाचा संताप मात्र खिडकीवरच्या मुलाने झेलायचा, तोही हसतमुखाने! आर्ली हॉक्शिल्ड यांनी 1983 मध्ये हवाई सेविकांचा अभ्यास करून दाखवून दिलं, की भावना आवरून चेहरा प्रसन्न ठेवणं हेसुद्धा श्रमच आहेत. ते श्रम आपण फुकटात धरतो.

गुणांचा खेळ तर हाताबाहेर गेलाय. "आमची शिफारस कराल का, 0 ते 10 मध्ये सांगा" हा प्रश्न फ्रेड रायकहेल्ड यांनी 2003 मध्ये लोकप्रिय केला. 9 आणि 10 देणारे समर्थक, 7-8 तटस्थ, 6 आणि त्याखालचे नाराज. संपूर्ण कंपनीची नाडी बघायला हे ठीक आहे. पण हाच आकडा एकेका माणसाच्या बढतीला आणि इन्सेंटिव्हला जोडला, की तो "मॅडम, प्लीज 10 द्या, नाहीतर माझा महिना जाईल" असं म्हणू लागतो. ग्राहकही कनवाळू असतो, देऊन टाकतो. आकडा चढतो, तक्रार जागच्या जागी राहते.

"हातात अधिकार दिला तर ही पोरं दुकान वाटून टाकतील," असं मला हमखास ऐकवलं जातं. रिट्झ-कार्लटन हॉटेलांचं उदाहरण मी अशा वेळी देते: पाहुण्याची अडचण सोडवायला कुठल्याही कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता 2,000 डॉलरपर्यंत खर्च करायची मोकळीक त्यांनी दिली. एवढी रक्कम कुणी द्यावी असं माझं म्हणणं नाही. मर्यादा काहीही ठेवा, महिन्याला हिशेब बघा. बहुतेक ग्राहकांना पैसे नकोच असतात. खरं काय झालं, आता कधी होणार, आणि पुन्हा कुणाला गाठायचं, एवढंच त्यांना हवं असतं. तीच कहाणी चौथ्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागणं, यासारखा दुसरा संताप नाही.

ग्राहक म्हणून आपल्यालाही एक करता येईल. रेटिंगचा मेसेज आला की त्या माणसाला त्याच्या वागण्याचे गुण द्या, आणि खालच्या रकाम्या चौकटीत कुठल्या नियमाने काम अडलं ते स्पष्ट लिहा. कुणीतरी वाचतं.

मालकांसमोर मी आता तीन अटी आधीच ठेवते. काउंटरवरच्या माणसाला कुणाला न विचारता ग्राहकाला फोन लावता यायला हवा. ठरलेली तारीख चुकणार हे ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी ते सांगता यायला हवं. आणि एका ठरावीक रकमेपर्यंत पैसे परत करता किंवा बिल कमी करता यायला हवं. एवढं करा, मग बोलण्याच्या ट्रेनिंगला मला बोलवा. मी आनंदाने येईन.