पोचलोच!

आमच्या ॲपमध्ये डाउनलोड दाखवणारं एक गोल कडं आहे. आकडा बदलला की ते आपोआप, गुळगुळीत भरत जातं; ‘आता हल’ असं वेगळं सांगावं लागत नाही. यालाच इम्प्लिसिट ॲनिमेशन म्हणतात. आमच्या घरात न सांगता हलणारं कुणी नाही, म्हणून मला त्याचं भारी कौतुक. कोड ऑब्जेक्टिव्ह-सी या आयफोन ॲपच्या जुन्या भाषेतला, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. “स्विफ्टमध्ये उतरवून टाक रे, साठ ओळी तर आहेत,” मॅडम म्हणाल्या. स्विफ्ट म्हणजे त्याच कामाची नवी भाषा. तो सोमवार होता.

जुन्या कोडात ‘ॲट डायनॅमिक’ होतं, म्हणजे ‘या आकड्याचा कारभार मी नाही, यंत्रणा बघेल’ अशी खूण. स्विफ्टमध्येही ‘डायनॅमिक’ आहे, म्हणून तेच ठेवलं. कडं ढिम्म! मराठीतली ‘शिक्षा’ हिंदीत गेली की तिचं शिक्षण होतं, तसलाच प्रकार. हवं होतं ‘एनएसमॅनेज्ड’, जे खरं तर कोअर डेटा या माहिती साठवणाऱ्या यंत्रणेच्या घरचं. शेजारून इस्त्री मागून आणावी तसं ते आणलं. मग कडं हलायच्या आत ॲपच कोसळलं. कोअर ॲनिमेशन, म्हणजे ही हालचाल करणारी यंत्रणा, पडद्यावर दाखवायला लेअरची (ज्या थरावर कडं काढलेलं असतं त्याची) नक्कल काढतं, आणि ती नक्कल घडवणारा कोड, म्हणजे इनिशियलायझर, मी लिहिलाच नव्हता. बुधवार संपला.

गुरुवारी कडं फिरलं, पण अर्ध्यात नवा आकडा आला की गचका देऊन पुढे उडी मारायचं. हे कोडं सुटलं लोकलमध्ये. गाडी विक्रोळी सोडत होती आणि माझ्या काखेखालून एक गृहस्थ फोनवर ओरडत होते, “दादरला पोचलोच!” लेअर असाच बोलतो. त्याला १ (म्हणजे पूर्ण भर) म्हणा, तो लगेच ‘मी १’ सांगून मोकळा. पडद्यावर स्वारी अजून ०.४ वर. खरा ठावठिकाणा प्रेझेंटेशन लेअरला, म्हणजे पडद्यावरच्या त्या नकलेला ठाऊक. पण स्विफ्टमध्ये तो ऑप्शनल, म्हणजे असेल किंवा नसेलही. कंपायलर (कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा) कटकट करायला लागला म्हणून मी सरळ लेअरलाच विचारलं होतं. (जुनी भाषा अशा वेळी गप्प बसायची. तिचा स्वभाव आता आठवतो.)

शुक्रवारी संध्याकाळी मॅडमना दाखवलं. ठरलेल्या ०.२५ सेकंदात कडं भरलं. त्यांनी पुन्हा एकदा बघितलं.

“हे आधीपण असंच होतं ना?”

“अगदी असंच,” मी म्हटलं.