एका कामापुरता फॉन्ट? इन्स्टॉल करायची गरज नाही

‘फॉन्ट एकदाच लागणार असला तरी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात टाकावाच लागतो, त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, काम झालं की डिलीट करायचा.’ डीटीपीवाल्यांमध्ये हा सल्ला सर्रास फिरतो. त्यातलं फारच थोडं खरं आहे.

‘ॲडमिनचा पासवर्ड लागतोच.’ विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून लागत नाही. राइट-क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हटलं की फॉन्ट फक्त तुमच्या खात्यापुरता बसतो. अर्थात, हेही इन्स्टॉलच झालं. रीस्टार्टनंतरही तो तिथेच असतो. शिवाय काही जुन्या सॉफ्टवेअरना असा फॉन्ट दिसत नाही.

‘दुसरा मार्ग नाही.’ आहे, आणि जुना आहे. फॉन्ट कुठेही कॉपी न करता चालू सत्रापुरता लोड करायची सोय विंडोजमध्येच आहे. नेक्ससफॉन्ट किंवा फॉन्टबेससारखे फॉन्ट मॅनेजर हेच काम करतात. समजा, गिऱ्हाइकाने पेन ड्राइव्हवर कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमधली वर्ड फाइल आणली. फॉन्ट नसेल तर ती नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फॉन्टची फाइल डेस्कटॉपवरच्या फोल्डरात घ्या (पेन ड्राइव्हवरच ठेवली आणि तो मधेच काढला, तर पंचाईत), ते फोल्डर नेक्ससफॉन्टमध्ये जोडा आणि मगच वर्ड उघडा. क्रम उलटा झाला तर बऱ्याचदा यादीत फॉन्ट येत नाही. वर्ड पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. पीडीएफ निघेपर्यंत मॅनेजर बंद करू नका.

त्याच नावाचा फॉन्ट आधीच मशीनवर असेल तर कोणता उमटेल याचा भरवसा नाही. फाइलचं नाव बदलून उपयोग नाही, कारण खरं नाव फॉन्टच्या आत असतं.

पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये तर मॅनेजरही नको. ‘पॅकेज’ केल्यावर फाइलशेजारी ‘डॉक्युमेंट फॉन्ट्स’ फोल्डर बनतं. त्यातले फॉन्ट त्या फाइलपुरते आपोआप चालतात.

‘काम झालं की डिलीट करा.’ इथेच ‘फाइल वापरात आहे’ असा अडथळा येतो. आधी सॉफ्टवेअर बंद, मग मॅनेजरमधून फॉन्ट काढा, मग डिलीट.

‘प्रेसवाल्याकडेही तोच फॉन्ट हवा.’ पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झाला, म्हणजे फाइलच्या आतच बसला असेल, तर नको. ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबा, ‘फॉन्ट्स’ टॅब पाहा. नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ नसेल, तर ती फाइल छपाईला पाठवू नका.