नाताळचं बोलावणं

सोसायटीच्या ग्रुपवर परवा मेसेज आला. यंदाही ख्रिसमस पार्टी आहे, सांताक्लॉज येणार आहे, मुलांच्या गिफ्टचे पैसे वेळेत जमा करावेत. खाली अंगठ्यांची रांग. मी अंगठा दिला नाही, तर लिफ्टमध्ये दोघींनी विचारलं, "काय गं, तुझा विरोध आहे का?" विरोधबिरोध काही नाही. पण मला जे म्हणायचंय ते लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत सांगून होणारं नाही, म्हणून इथे लिहिते. लांबलं तर लांबलं.

ही पार्टी मुळात सुरू झाली २०२४ मध्ये. त्याआधी आमच्या बाणेरच्या सोसायटीत डिसेंबर म्हणजे थर्टीफर्स्ट, बास. त्या वर्षी पावसाळ्यात चौथ्या मजल्यावर एक जर्मन कुटुंब राहायला आलं. नवरा चाकणला गाड्यांच्या कारखान्यात, करारावर. बायको, सात वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी. देशाबाहेर राहायची चौघांचीही पहिलीच वेळ. मी कॉलेजात असताना बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले होते (पुण्यात हे सांगण्यात विशेष काही नाही, दर दोन घरांआड एक जण 'इश हाइसं', म्हणजे 'माझं नाव अमुक', इथपर्यंत पोचलेला असतोच), त्यामुळे तिची-माझी गट्टी जमली.

गणपतीत आरतीला ही मंडळी टाळ्या वाजवत उभी. दिवाळीत मुलानं किल्ल्याला माती थापली. फराळाची ताटं तर इतकी गेली की चकल्या ठेवायला डबे मागत ती माझ्याकडे आली. पुणेकर चहासुद्धा विचारत नाहीत म्हणून विनोद करणाऱ्यांनी तेव्हा यायला हवं होतं. देण्यात आपण कुठेही कमी नाही.

घेण्यात आहोत.

डिसेंबर लागला आणि कमिटीला सुचलं की आपल्याकडे खरेखुरे परदेशी राहतात, त्यांना घरची आठवण येत असेल, तर दणक्यात ख्रिसमस करू. हेतू चांगलाच होता. पंधरा तारखेला, रविवारी, क्लबहाऊससमोर कापसाचा बर्फ, डीजे, आणि लाल डगल्यात घामाघूम झालेला आमचा सिक्युरिटीवाला. पुण्यात डिसेंबरात पहाटे दहा-बारा अंश असले तरी दुपार तिशीच्या आसपास जाते. त्या दाढीत त्या बिचाऱ्याचं काय झालं असेल ते त्याचं त्याला माहीत. चौथ्या मजल्यावरचा मुलगा त्याच्याकडे बघून आईला हळूच म्हणाला, "पण निकोलस तर येऊन गेला ना?" तिकडे संत निकोलस येतो सहा डिसेंबरला. आदल्या रात्री मुलं बूट घासूनपुसून दाराशी ठेवतात, सकाळी त्यात खाऊ सापडतो. आणि चोवीसच्या भेटी आणणारा त्यांच्या दक्षिणेकडच्या भागात सांता नसतोच, बाळ येशू असतो. हा तिसरा कोण, हे पोराला कळेना.

त्यांच्याकडे नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे अ‍ॅडव्हेंट. हिरव्या पाल्याचं गोल कडं करायचं, त्यावर चार मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं चौथ्यापर्यंत. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न नावाचा पाद्री गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचा. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं भंडावून सोडायची, तेव्हा त्यानं रोज एक मेणबत्ती वाढेल असं कडं टांगलं. तिथून हे आलं म्हणतात. थोडक्यात, तो महिना वाट बघण्याचा. झाड सजतं चोवीसला, त्याच दिवशी, आणि मग ते सहा जानेवारीपर्यंत राहतं. आमच्या क्लबहाऊसचं झाड सोळा तारखेला डेकोरेटरनं टेम्पोत घातलं.

ती काही बोलली नाही. आभार मानले, मुलांना नाचू दिलं, घरी गेली आणि तिसरी मेणबत्ती लावली. त्या संध्याकाळी मी वर होते. कड्याचा पाला मार्केट यार्डाच्या फुलबाजारातला, जे मिळालं ते. झाड मांजरीच्या नर्सरीतून कुंडीसकट आणलेलं. नर्सरीवाले ज्याला ख्रिसमस ट्री म्हणून देतात ते मूळचं पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरचं. दिसायला झकास, पण तिच्या देशातल्या फरला जो वास असतो तो ह्याला नाही. ती फांदी चुरडून परत परत नाकाशी नेत होती, जणू थोडा वेळ थांबलं तर येईल.

मग बिस्किटं. त्यांच्याकडे महिनाभर घरोघरी दहा तऱ्हेची बिस्किटं होतात आणि पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवतात. तिला करायची होती चंद्रकोरीच्या आकाराची बदामाची, वर व्हॅनिलाची साखर. पहिला घाणा आपल्या नेहमीच्या पिवळ्या बटरचा: खारट. दुसरा पांढऱ्या लोण्याचा: लोण्यातल्या पाण्यानं पीठ सैल पडलं, ओव्हनमध्ये चंद्रकोरींच्या पुऱ्या झाल्या. शेवटी बिनमिठाचं बटर मिळालं आणि पीठ फ्रिजमध्ये घट्ट करून घेतलं तेव्हा जमलं. तिच्या कृतीत अंडं अजिबात नसतं हे मी मुद्दाम सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

कारण तिनं चोवीसला लोकांना घरी बोलावलं. सहा घरं. मुलीनं कार्डांवर तारे काढले होते. जेवणाला तिच्या माहेरचा बेत: बटाट्याची कोशिंबीर, जी तिकडे मांसाच्या पाण्यात करतात, पण तिनं भाज्यांच्या पाण्यात केली. सॉसेज वेगळ्या टेबलावर. प्रत्येक ताटलीपुढे चिठ्ठी, ह्यात अंडं आहे, ह्यात नाही. ही यादी तिनं माझ्याकडून आठवडाभर आधी पक्की करून घेतली होती. नवरा चाकणहून ट्रॅफिकमधून धडपडत सातला पोचला. तिकडे चोवीसला दुपारनंतर दुकानंसुद्धा बंद होतात, पंचवीस आणि सव्वीस दोन्ही सुट्ट्या. इथे चोवीसला पूर्ण दिवस आणि सव्वीसला सकाळी परत कामावर.

सहांतली दोन घरं आली.

बाकीच्यांपैकी एकीला मी फोन केला. "अगं, मार्गशीर्ष आहे ना. आणि त्यात मंगळवार."
"तुझ्यासाठी बिनअंड्याचं वेगळं ठेवलंय तिनं."
"हो गं, पण भांडी तीच ना."

आता उपासाबद्दल मला काही म्हणायचं नाही, ज्याचा त्याचा प्रश्न. पण उपास असलेला माणूस येऊन पाणी पिऊ शकतो, मुलांचं झाड बघू शकतो, अर्धा तास सोफ्यावर बसू शकतो. चारही घरांनी दुसऱ्या दिवशी ग्रुपवर तिला मेरी ख्रिसमस घातलं, फुलं आणि केकच्या चित्रांसकट.

१८९० साली ह्याच शहरात पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींना बोलावणं होतं. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे ह्यांच्यासारखी माणसं. पुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, कोण कोण हजर होतं ते उघड केलं आणि गावात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य म्हणजे जातीबहिष्काराचा वाद झाला, रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. हा किस्सा आपण आज हसत हसत सांगतो, काय ते जुने लोक म्हणून. ते जुने लोक निदान गेले तरी होते.

आलेल्या दोन घरांतलं एक आमचं. दुसरं बी विंगमधल्या काकू-काकांचं. आणि खरं म्हणजे मला त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

काकू-काका मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती, तिथल्या अमेरिकन मिशनच्या शाळांत शिकलेल्या घरातले. सोसायटी बांधली तेव्हापासून इथे राहतात. दरवर्षी नाताळला त्यांच्याकडे करंज्या, शंकरपाळे, चिवडा होतो, आणि दरवर्षी तो डब्यांतून आमच्या मजल्यांवर येतो. लोक डबा घेतात, "अय्या, कशाला एवढं!" म्हणतात, आणि त्यातले काही डबे दुपारी कामाच्या मावशींच्या पिशवीत जातात. हे मला मावशींनीच सांगितलं, तीन-तीन घरच्या एकाच आकाराच्या करंज्या बघून त्यांना शंका आली होती. इतक्या वर्षांत सोसायटीला कधी ख्रिसमस करावासा वाटला नाही. गोरं कुटुंब आल्यावर चार महिन्यांत वाटला. आणि कमिटीनं सजावट कशी असावी हे विचारायला चौथा मजला गाठला, बी विंग नाही.

नाताळ हा पुण्यात कुणी परदेशातून सूटकेसमध्ये घालून आणलेला सण नाही. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला जागा दिली ती पेशव्यांनी, १७९२ मध्ये, सवाई माधवरावांच्या काळात, फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी. शनिवारवाड्यावर युनियन जॅक लागला १८१७ ला. म्हणजे पुण्यात इंग्रजांचं राज्य यायच्या पंचवीस वर्षं आधीपासून इथे हक्काचं चर्च आहे. गुरुवार पेठेत पंचहौदचं पवित्र नाम देवालय १८८५ पासून उभं आहे आणि तिथली उपासना मराठीत चालते. रेव्हरंड टिळकांची भजनं गातात, पेटी-तबल्यावर.

काकूंनी त्या चोवीसला करंज्यांचा डबा उघडून टेबलावर ठेवला, जर्मन बिस्किटांच्या शेजारी. पोरानं करंजी उचलली, कातलेली कड बघितली, आईला विचारलं की ही इथली नाताळची का. हो म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. दिवाळीतसुद्धा त्यानं करंज्या खाल्ल्या होत्या, पण तेव्हा त्या दुसऱ्यांच्या सणाच्या होत्या. काकांनी टेबलावर ठेका धरून रेव्हरंड टिळकांचं एक भजन म्हटलं. काकू दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांना रिक्षानं पंचहौदला घेऊन गेल्या. मागे बसून त्या मराठी उपासनेतलं आपल्याला 'आमेन'शिवाय काही कळलं नाही, असं तिनं मला नंतर सांगितलं, आणि तरी ती दीड तास बसली. कॅम्पात एमजी रोडची रोषणाई त्यांना सगळ्यांनीच सुचवली होती. ती त्यांनी बघितलीही. छान असते.

चोवीसला रात्री साडेदहाला आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळचे सहा, भेटी उघडायची वेळ, इकडे मुलगी बापाच्या खांद्यावर पेंगत होती. स्क्रीनवर आजोबांनी घंटी वाजवली, तशी तिनं एक डोळा उघडला आणि परत मिटला. आजीनं तिकडे डोळे पुसले. काकूंची मुलगी मेलबर्नला असते. त्या उठल्या आणि न सांगता भांडी घासायला लागल्या.

पार्टी बंद करा असं माझं म्हणणं नाही. पोरांना मजा येते, येऊ दे. वर्गणीही मी दिली आहे. पण परक्या गावात राहणाऱ्या माणसाला सारखं पाहुणा म्हणून वागवत राहिलं की तो पाहुणाच राहतो. त्याच्याकडे जाऊन त्याच्या खुर्चीत बसून त्याचं चार घास खाल्लं, तर निदान एका संध्याकाळपुरता तो यजमान होतो. आणि बी विंगमध्ये तर कुणी परकंही नाही.

ह्यावर कमेंटमध्ये धर्माचे वाद घालायचे असतील त्यांनी कृपया स्वतःच्या भिंतीवर घालावेत.

यंदा, २०२५ मध्ये, मार्गशीर्ष चोवीसच्या आधीच संपतोय आणि वार बुधवार आहे. चौथ्या मजल्यावरून कार्डं निघाली आहेत, त्याच सहा घरांना, ह्या वेळी पत्ते मुलानं मराठीत घातले आहेत. काकू पंचवीसला चर्चमधून बारापर्यंत परततात आणि नंतर दिवसभर घरीच असतात. बेल वाजवली की दार उघडतं.