चौथी सीट

डोंबिवलीहून पंचवीस वर्षं लोकलने जा-ये केलेल्या माणसाला चौथी सीट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तिघांच्या बाकावर चौथ्याने अर्धी मांडी टेकवायची, अर्धी हवेत ठेवायची आणि म्हणायचं, "जरा सरकून घ्या." तिघं कपाळाला आठ्या घालतात, पण दोन-दोन बोटं सरकतात.

आमच्या टीव्हीमागच्या एक्स्टेन्शन बोर्डावर एवढीही माणुसकी नाही.

बोर्ड चार सॉकेटचा. दुकानदाराने चार मोजून दाखवली, मीही मोजून घेतली. घरी आणून सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर खोचला आणि चाराची तीन झाली. तो अडॅप्टर म्हणजे पेपर पसरून, गुडघे फाकवून बसलेला पहिल्या धक्क्यापासूनचा प्रवासी. दोन पिनांचा असल्याने तो उलटाही बसतो, म्हणून उलटा करून पाहिला. डावीकडचा शेजारी सुटला, उजवीकडचा सापडला. शेवटी त्याला कडेच्या सॉकेटात बसवून पोट बोर्डाबाहेर काढलं. दारात लटकल्यासारखा गेला एकदाचा बाहेर. पण वायफायच्या राउटरचा अडॅप्टर त्याच्याहून थोराड, आणि दुसऱ्या कडेला बोर्डाचं बटण. त्यामुळे तो मधेच बसला, एक सॉकेट स्वतःला आणि एक पोटाला.

"आड येतो तो आडाप्टर," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "नाव बरोबर ठेवलंय."

अण्णांना असल्या गोष्टींची माहिती फार. जुना अडॅप्टर एवढा जड का, तर त्याच्या पोटात लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेला खराखुरा ट्रान्सफॉर्मर. २३० व्होल्ट आत घ्यायचे, १२ बाहेर सोडायचे आणि मधल्या मधे तापत बसायचं. (हे सांगताना ते माझ्याकडे का बघत होते, कळलं नाही.) हल्लीचे अडॅप्टर हीच वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, म्हणून आत इवलासा ट्रान्सफॉर्मर पुरतो. मग बाहेरचं खोकं अजून एवढं का, यावर मात्र अण्णांनी पेपर उघडला.

खरा राग येतो तो हिशेब केल्यावर. बोर्ड ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॉटपर्यंत चालतो. आमची सगळी मंडळी मिळून त्यातले साठ वॉटही खात नाहीत. स्वयंपाक शंभर पानांचा आणि पाट तीन, अशी गत.

त्यातून सॉकेट थोडं सैल झालं. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर आपल्याच वजनाने मान टाकायला लागला. मालिकेत सासू काहीतरी भयंकर सांगणार, तेवढ्यात पडदा काळा. मी त्याच्याखाली एका लग्नपत्रिकेची चौपदरी घडी सरकवली. जोडप्याचं पुढे काय झालं ठाऊक नाही, आमची पत्रिका मात्र सहा महिने टिकली.

उरलेल्या एका सॉकेटवर दिवसा फोनांची पाळी असते. रात्री मात्र तिथे डासांचं मशीन लागतं, आणि मुलाला नेमका तेव्हाच लॅपटॉप चार्ज करायचा असतो.

"बाबा, मशीन काढू?"

"डास चावतील."

"मग वायफाय काढू?"

घरात शांतता पसरली. अकरा वाजता वायफाय काढायचं, हा विचार आमच्या घरात आजवर कोणी मोठ्याने बोललं नव्हतं.

"अहो, मोठा बोर्ड आणा ना," ही म्हणाली.

आणला. दोन सॉकेटमध्ये चांगली चार बोटं अंतर. हा बोर्ड एवढा लांब की टीव्हीच्या कपाटामागे मावेना. तिरका घातला, उभा घातला, शेवटी परत केला. "वापरलेला माल घेत नाही," दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, "वापरता आला असता तर आणला असता का?" यावर त्याने घेतला, पण पैसे न देता बदल्यात दुसरी वस्तू घ्या म्हणाला.

मी डास मारायची बॅट घेतली. मशीनच नको, म्हणजे सॉकेटही नको. स्वतःच्या हुशारीवर खूश होत घरी आलो. पहिल्या रात्री नऊ डास मारले, अण्णांनी मोजले. दुसऱ्या रात्री बॅट विझली.

ती चार्ज करायची तर मुठीतून दोन पिना बाहेर सरकतात आणि अख्खी बॅट सॉकेटात खोचावी लागते. वायर नाही, काही नाही. आता ती आमच्या बोर्डावर आडवी झोपली आहे, जाळी राउटरच्या अडॅप्टरवर टेकवून. मुलगा हातात चार्जर घेऊन समोर उभा आहे.

"जरा सरकून घ्या म्हणावं," अण्णा म्हणाले.